ट्रॅक्टरला ब्रेक आहेत, ट्रॉलीला का नाहीत?

दिवाळी आटोपली की भिवापूर तालुक्यात ट्रॉलीला उसंत नसते. आधी सोयाबीन, मग धान आणि कापूस, आणि त्यामागून भौगोलिक मानांकन मिळालेली इथली लाल मिरची. सकाळी शेतातून बाजार समितीच्या आवारात माल आणणारी ट्रॉली दुपारी खताच्या गोण्या किंवा सिमेंट घेऊन गावाकडे परतते. मधल्या वेळात तिच्यात माणसेही असतात. मिरचीच्या तोडणीला किंवा सातऱ्यावर देठ खुडायला निघालेल्या बायका ट्रॉलीच्या फळ्यांना धरून उभ्या असतात, एखादी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेली असते. हे दृश्य इतके ओळखीचे आहे की त्यात धोका आहे हे अपघात झाल्यावरच आठवते.

४ एप्रिल २०२५ च्या सकाळी ते नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात आठवले. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याच्या गुंज गावातून शेतकामाला निघालेल्या महिलांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळला आणि सात जणींचा मृत्यू झाला. अशा घटनेनंतर मदत जाहीर होते, चालकावर गुन्हा दाखल होतो आणि ‘निष्काळजीपणा’ या एका शब्दात प्रकरण मिटते. चालक चुकतो, हे खरेच. पण चांगल्या चालकाच्या हातातही जी ट्रॉली थांबणारच नाही, ती रस्त्यावर येते कशी, हा प्रश्न त्या एका शब्दाखाली दबून जातो.

ट्रॉली ट्रॅक्टरचाच भाग नाही का?

कायद्याच्या नजरेत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. ट्रॅक्टर म्हणजे स्वतः माल वाहण्यासाठी न बनवलेले वाहन, आणि ट्रेलर म्हणजे दुसऱ्या मोटार वाहनाने ओढायचे वाहन. त्यामुळे ट्रॉलीची नोंदणी वेगळी होते. कलम ६१ नुसार तिचा स्वतःचा क्रमांक तिच्या बाजूला लिहायचा असतो आणि ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक तिच्या मागे दिसायला हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम तर ट्रॉली बनवणाऱ्यालाही सोडत नाहीत. मोटार बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे त्यालाही आपल्या नमुन्याची मंजुरी घ्यावी लागते.

आता भिवापूर, उमरेड किंवा पवनीच्या रस्त्यावर अर्धा तास थांबून मागच्या फळ्या वाचाव्यात. देवाचे नाव असते, मुलांची नावे असतात, ‘हॉर्न प्लीज’ असते. एमएच-४० ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर दिसला. बऱ्याच ट्रॉल्या कुठल्याशा वेल्डिंगच्या दुकानात, ओळखीच्या कारागिराकडून, शेतकऱ्याच्या गरजेप्रमाणे बनवून घेतलेल्या असतात. कारागीर हाताचा चांगला असतो, चॅनेल आणि पत्रा जाड वापरतो, फाळका मजबूत करतो. ब्रेक मात्र तो लावत नाही, कारण कुणी मागत नाही.

मागत का नाही, याचे उत्तर जुने आहे. ट्रॉली ही गावाच्या मनात अजून बंडीच आहे. बंडीला ब्रेक लागत नव्हता. बैल माणसाच्या चालीने चालत आणि उतारावर स्वतःच जू अडवून धरत. बंडीत बसून जत्रेला जाणे, लग्नाला जाणे हा रिवाज होता. बैल गेले, त्यांच्या जागी पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचे इंजिन आले, वेग आठ-दहा पटींनी वाढला आणि वजन टनांत गेले. मागे जोडलेल्या गाडीकडे पाहण्याची नजर तेवढी बदलली नाही.

ब्रेक नसल्याने नेमके काय होते?

थोडा हिशेब करून पाहू. या ताकदीचा ट्रॅक्टर सुमारे दोन टनांचा धरला आणि भरलेली ट्रॉली सहा टनांची, तर थांबवायचे वजन आठ टन झाले. नेहमीच्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर असतात. म्हणजे आठ टनांना अडवण्याचे सगळे काम रबराच्या त्या दोन ठिकाणी, आणि त्या चाकांवर जेमतेम दोन टनांचा भार. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा मोकळा ट्रॅक्टर ब्रेक दाबल्यावर ढोबळमानाने ९ मीटरमध्ये थांबतो. भरलेली ट्रॉली मागे असली की तेच अंतर २३ मीटरच्या आसपास जाते. चालकाला धोका दिसून पाय पॅडलवर पोहोचेपर्यंतच्या एका सेकंदात आणखी ८ मीटर गेलेले असतात. एकूण तीसएक मीटर. समोर शाळेतून सुटलेले पोर आले, तर हा आकडा फार मोठा आहे. रस्त्यावर चिखल किंवा सांडलेली वाळू असेल, तर तो आणखी वाढतो.

वेग अर्धा केला की ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर निम्मे होत नाही, चौथ्या हिश्शावर येते. ताशी १५ किलोमीटरला तीच भरलेली ट्रॉली सहाएक मीटरमध्ये थांबते. ट्रॉली ओढणाऱ्याने एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही.

अंतर वाढते हा धोक्याचा एक भाग झाला. दुसरा भाग चालकांना अनुभवाने माहीत असतो, पण त्याची कारणे कुणी समजावून सांगत नाही. ट्रॅक्टर ब्रेक मारतो, ट्रॉली मारत नाही, म्हणून ती मागून ढकलते. रस्ता सरळ असेल तर ढकलण्यावर भागते. वळणावर किंवा उतारावर तो धक्का तिरपा बसतो. ट्रॅक्टरची मागची चाके बाजूला सरकतात, ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यात काटकोन होतो आणि जोडगोळी आडवी होते. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची, किंवा सतत क्लचवर पाय ठेवण्याची सवय इथे जिवावर बेतते. इंजिनचा जो काही अटकाव असतो, तोही सुटतो आणि सगळे ओझे ब्रेकवर येते. चढ ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम ट्रॉलीवाल्यांसाठी तर दुप्पट लागू आहे.

आणखी एक खटका आहे, अगदी शब्दशः. ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचे ब्रेक पॅडल वेगळे असतात, कारण शेतात तासाच्या शेवटी एकच चाक धरून झटकन वळता यावे. रस्त्यावर येताना ही दोन्ही पॅडल त्यांच्यातल्या पट्टीने जोडायची असतात. ती जोडली नाही आणि घाईत पाय एकाच पॅडलवर पडला, तर भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. ही पट्टी प्रत्येक ट्रॅक्टरसोबत येते. तिला खर्च शून्य आहे.

माल कसा भरला, याने काय फरक पडतो?

बराच. यासाठी मराठीत बंडीच्या काळापासूनचा नेमका शब्द आहे : उलार. गाडीचा भार आसाच्या मागे गेला की ती उलार होते, पुढचा दांडा वर उचलू लागतो. दोन चाकी ट्रॉलीत असे झाले, तर ट्रॅक्टरचा हुक वर ओढला जातो आणि मागच्या चाकांवरचा भार कमी होतो. म्हणजे ज्या दोन चाकांवर सगळा ब्रेक अवलंबून, तीच हलकी होतात. भार फार पुढे गेला तर उलटे होते. हुकावर वजन येते, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग फिरवले तरी तोंड वळत नाही. परदेशात मोटारीमागे किंवा मोटारहोममागे बोटीचा ट्रेलर जोडणारे लोक ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर राहील असा बेत ठेवतात. ट्रॉलीलाही तत्त्व तेच : भार आसाच्या थोडा पुढे, जड वस्तू तळाला, आणि दोन्ही बाजूंना सारखा.

भिवापूरच्या बाजूला ज्या ठिकाणी याची परीक्षा होते, ती जागा कुणालाही दाखवता येईल. पांदण रस्ता खाली असतो आणि डांबरी रस्त्याचा भराव उंच. शेतातून भरलेली ट्रॉली त्या तोंडावर चढवताना चालक जोर देतो, ट्रॅक्टरचे तोंड हवेत उचलते, आणि ते खाली बसेपर्यंत गाडी अर्धी महामार्गावर आलेली असते. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड करत ब्रह्मपुरीकडे जाणाऱ्या या राष्ट्रीय महामार्गावर आता गाड्या पूर्वीपेक्षा वेगाने धावतात. रस्ता रुंद झाला, त्याला येऊन मिळणारे पांदण रस्ते आहेत तसेच राहिले. रस्ते बांधणाऱ्यांनी हे तोंड सपाट केले, चढावाआधी ट्रॉलीसह ट्रॅक्टर उभा राहील एवढी जागा दिली, तर चालकाला प्रवचन देण्यापेक्षा जास्त जीव वाचतील.

हुक किती उंचीवर आहे, हेही पाहायला हवे. ओढायची जागा मागच्या आसाच्या खाली असेल तर ट्रॅक्टर जमिनीला धरून राहतो. फसलेली ट्रॉली काढण्यासाठी साखळी वरच्या बाजूला बांधून जोर दिला, की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा होऊन चालकाच्या अंगावर उलटू शकतो. हे इतके लवकर घडते की उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

मग पिन. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यातला सगळा संबंध एका पिनेवर असतो, आणि त्या पिनेच्या जागी किती ठिकाणी सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट असतो, हे चालकच सांगतील. छिद्र झिजून मोठे झालेले, पिनेच्या खालची क्लिप हरवलेली, सुरक्षा साखळी कधी लावलेलीच नाही. पिन उडाली तर ट्रॉलीला अडवणारे काहीच उरत नाही. साखळी असेल तर ती निदान ट्रॅक्टरमागे ओढत राहते.

रात्री धोका का वाढतो?

कारण ट्रॉली दिसत नाही. नियमांनुसार तिच्या मागे दोन्ही बाजूंना लाल परावर्तक हवेत. ते लावलेले असले तरी चिखलाने झाकतात. धानाचा तणस भरला की तो फळीबाहेर दोन्हीकडे लोंबतो आणि दिवे, परावर्तक, क्रमांक सगळे गिळून टाकतो. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंतची वायर तुटलेली असते. मागून ताशी ८० च्या वेगाने येणाऱ्या मोटारचालकाला अंधारात एक काळा ढीग दिसतो, आणि तो १५ च्या वेगाने चालला आहे हे कळेपर्यंत उशीर होतो.

बिघडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून भोवती दगड मांडण्याची पद्धतही तशीच घातक आहे. दुरुस्ती झाली की ट्रॉली निघून जाते आणि दगड दुचाकीवाल्यासाठी मागे राहतात.

पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा दरवर्षी होतात. तिथे हे शक्य होते, कारण सगळ्या ट्रॉल्या कधी ना कधी कारखान्याच्या काट्यावर येतात. विदर्भात साखर कारखान्याचे गेट नसेल, पण बाजार समितीचे गेट आहे, जिनिंगचे आहे, धान खरेदी केंद्राचे आहे. हंगामात बहुतेक ट्रॉल्या तिथे रांगेत तासन्‌तास उभ्या असतात. तपासणीला याहून सोयीची जागा नाही. परिवहन विभागाने हंगामाच्या सुरुवातीला तिथेच चार दिवस शिबिर घ्यावे, पिन-क्लिप-साखळी पाहावी, पट्टी लावून द्यावी, नोंदणी नसेल तर तिथेच अर्ज भरून घ्यावा. सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या नागपूरला एका ट्रॉलीच्या कागदासाठी शेतकऱ्याने दिवस घालवावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि पहिल्या हंगामात दंड करू नये. दंडाच्या भीतीने ट्रॉली गेटवर येणार नाही, आडरस्त्याने व्यापाऱ्याकडे जाईल.

ट्रॉलीला ब्रेक बसवता येतात का?

येतात, आणि त्यात नवे काही नाही. युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बंधनकारक आहेत. सुटीला बोट ओढून नेणारा माणूसही तो नियम पाळतो. लहान ट्रेलरमध्ये वापरली जाणारी पद्धत साधी आहे. पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर तिच्यावर रेलतो, त्या रेट्याने दांड्यातला सरकता भाग मागे जातो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे जो धक्का आपल्याकडे ट्रॅक्टर उलटवतो, त्याच धक्क्याने तिथे ट्रेलर थांबतो. शिवाय एक बारीक तार असते. हुक सुटलाच तर ती ताणली जाते आणि ब्रेक ओढून ट्रेलर जागीच उभा करते. मोठ्या ट्रॉल्यांसाठी ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर किंवा हवेवर चालणारे ब्रेक आहेत.

भिवापूरच्या वाटेवरची सहा टनांची ट्रॉली त्या ७५० किलोच्या आठपट आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे : खर्च. तो खोटा नाही. दोन-चार एकरवाला शेतकरी स्वतः ट्रॉली बाळगत नाही, भाड्याने घेतो. ब्रेकचा खर्च शेवटी त्याच्याच भाड्यात येणार, आणि सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी तो जड जाणार. म्हणूनच हे काम सरकारी अनुदानातून व्हायला हवे. ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी महाडीबीटीवरून अनुदान मिळते. त्या पैशातून ओढण्याची ताकद वाढली. थांबण्याच्या ताकदीसाठी त्याच योजनेत जागा करता येईल. नवी ट्रॉली ब्रेकसह असेल तरच नोंदणी, आणि जुन्या ट्रॉलीला ब्रेक बसवायला अर्थसाह्य, अशी सुरुवात झाली तर वेल्डिंगच्या दुकानातला कारागीरही ते काम शिकेल. त्याला बेकायदा ठरवून दुकान बंद करण्यापेक्षा मंजूर नमुन्याचा नकाशा त्याच्या हातात देणे शहाणपणाचे आहे.

हा प्रश्न पुढे फक्त शेतीचा राहणार नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य या भागातच आहे आणि वैनगंगेवरच्या गोसीखुर्द जलाशयात जलपर्यटनाचे बेत आखले जात आहेत. मोटारहोममागे बोट जोडून येणारा पर्यटक आणि तणसाची ट्रॉली एकाच रस्त्यावर येतील. ट्रेलरच्या वजनाचे, हुकाचे आणि ब्रेकचे नियम पर्यटकासाठी काटेकोर आणि मिरचीच्या ट्रॉलीसाठी कागदावर, असे चालणार नाही.

आणि ट्रॉलीतल्या माणसांचे काय?

सर्वात अवघड प्रश्न हाच आहे. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यातल्या घाटमपूरजवळ ऑक्टोबर २०२२ मध्ये देवदर्शनाहून परतणाऱ्यांची ट्रॉली तळ्यात उलटून २६ जण दगावले. त्यानंतर माणसे नेण्यासाठी ट्रॉली वापरू नका, असे आवाहन तिथल्या मुख्यमंत्र्यांनीच केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच राज्यात कासगंजला माघ पौर्णिमेच्या स्नानाला निघालेली ट्रॉली तळ्यात पडली आणि पुन्हा वीसहून अधिक लोक गेले. आवाहन लोकांनी ऐकले नाही असे म्हणणे सोपे आहे. त्यांच्याकडे दुसरी गाडी कोणती होती, हे विचारणे अवघड आहे.

भिवापूरहून जाणारी नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. एसटी मुख्य रस्त्यावरून जाते, आणि तिचे वेळापत्रक शाळा-कचेऱ्यांच्या वेळेचे. मिरची तोडणाऱ्या बाईला पहाटे आडगावातून निघून शेतात पोहोचायचे असते. ट्रॉलीत बसायला नकार दिला, तर त्या दिवसाची मजुरी गेली.

कायदा तिला जे देतो, ते अपघातानंतर. तेही सरळ मिळत नाही. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्याने ट्रॉली जोडली म्हणून परवाना निरर्थक ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला होता, तेव्हा परवान्याचा मुद्दा मोठा नाही. खरी अडचण विम्याची आहे. शेतीकामापुरता विमा असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून वीटभट्टीची माती वाहताना जखमी झालेल्या मजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये विमा कंपनीची जबाबदारी नसल्याचे मान्य केले. मजुराची परिस्थिती पाहून न्यायालयाने विशेषाधिकार वापरला आणि कंपनीने आधी भरपाई द्यावी, मग ती ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. प्रत्येक मजुरासाठी विशेषाधिकार वापरला जाईल, याची खात्री नसते. मालकालाही सुटका नाही. ज्याने ओळखीखातर, किंवा मजूर मिळावेत म्हणून चार बायकांना ट्रॉलीत बसवले, त्याच्यावर आयुष्यभराची वसुली येऊ शकते.

म्हणून मजुरांच्या वाहतुकीचा खर्च मजुरीचाच भाग मानला पाहिजे. सातरा चालवणारा व्यापारी, तोडणीचा ठेका घेणारा आणि मोठा बागायतदार यांनी मिळून हंगामापुरती आसनांची, प्रवासी विमा असलेली गाडी ठरवली, तर किलोमागे येणारा खर्च मिरचीच्या भावात फारसा जाणवणार नाही. एसटीलाही तोडणीच्या दोन-तीन महिन्यांत पहाटेची एखादी फेरी देता येईल. प्रवासी कुठल्या गावातून, किती वाजता आणि किती मिळतील, हे ग्रामपंचायतीला तोंडपाठ असते. तोवर ज्या ट्रॉलीत बायका बसणारच आहेत, तिचा वेग १५ च्या वर जाऊ नये, तिच्यात मालाच्या ढिगावर कुणी बसू नये आणि मडगार्ड मोकळे असावे, एवढे तरी ट्रॅक्टरमालकाने उद्या सकाळपासून पाहावे.